जोशी एस. आणि इतर

बढतीच्या अर्जासोबत प्रत्येकाने आपल्या संशोधनाचा संपूर्ण तपशील जोडावा, असे परिपत्रक आमच्या संस्थेत आले तेव्हा मला त्यात धसका घेण्यासारखे काही दिसले नाही. माणसाने बावीस वर्षे काम केले असेल तर त्याची यादी करायला एक रविवार पुरे, अशी माझी समजूत होती. आज सातवा रविवार आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर कागदांनी असे ठाण मांडले आहे की महिनाभर आम्ही ताटे मांडीवर घेऊन जेवतो आहोत, आणि परवा सेवउसळीचा रस्सा ज्या कागदावर सांडला तो नेमका माझ्या पहिल्या शोधनिबंधाचा निघाला.

यादी करणे इतके अवघड का झाले, हे समजण्यासाठी आधी काम काय ते सांगितले पाहिजे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार होते. ते तयार करणाऱ्या विकरांपैकी एकाचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असते आणि त्याचे नाव सीवायपी२१ए२. हे जनुक बिघडले तर कॉर्टिसॉल कमी पडते, आणि आजार तीव्र असेल तर नवजात बाळाच्या शरीरात मीठसुद्धा टिकत नाही. या जनुकापासून डीएनएच्या सुमारे ३० हजार अक्षरांच्या अंतरावर त्याचा एक जुळा शेजारी राहतो. दोघांचा महत्त्वाचा मजकूर जवळजवळ ९८ टक्के सारखा, पण शेजारी कामाच्या नावाने शून्य, म्हणून त्याला छद्मजनुक म्हणतात. त्याहून वाईट म्हणजे खऱ्या जनुकातले बहुतेक बिघाड या निरुद्योगी शेजाऱ्याचा मजकूर आत घुसल्यामुळेच होतात. आपण वाचतो आहोत तो मजकूर खऱ्याचा की शेजाऱ्याचा, याची खातरजमा करण्यात माझ्या नोकरीची पहिली बारा वर्षे गेली.

पुढे असे झाले की जगात जनुकांवर जेवढे लिहिले जाते तेवढे वाचणे मनुष्याच्या आवाक्यात राहिले नाही. वैद्यकीय लेखांची जी सूची १९९६ पासून पबमेड या नावाने सर्वांना खुली आहे, तिच्यात आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. तेव्हा हे लेख यंत्राकडून वाचून घ्यावेत, या सात्त्विक हेतूने मी नैसर्गिक भाषा प्रक्रियेच्या वाटेला गेलो. यंत्र वाचते, पण कसे वाचते ते विचारू नये. आमच्या लेखांत टी-फोर म्हणजे गळ्यातल्या अवटू ग्रंथीचे, चार आयोडिनांचे संप्रेरक. तेच कर्करोगतज्ज्ञाच्या लेखात गाठीची अवस्था, अस्थितज्ज्ञाच्या लेखात पाठीचा चौथा मणका आणि जंतूंच्या अभ्यासकाकडे चक्क एक विषाणू. इंग्रजीतल्या ‘वॉज’ आणि ‘कॅट’ या शब्दांच्या स्पेलिंगची दोन खरीखुरी जनुकेही आहेत, फक्त ती मोठ्या लिपीत लिहितात. मोठ्या आणि लहान लिपीतला फरक काढून टाकण्याची चूक आम्ही पहिल्याच वर्षी केली, आणि आमच्या प्रोग्रामने भूतकाळी लिहिलेल्या प्रत्येक वाक्यात एक जनुक शोधून दिले. नावावरून माणूस ओळखू नये, आजूबाजूची वाक्ये पाहून ओळखावा, हे मी त्या यंत्राला पुढची दहा वर्षे शिकवत होतो.

आता अर्ज. त्यात ‘विषय’ या मथळ्याखाली एकच चौकट आहे. संप्रेरकांचे जनुकशास्त्र आणि भाषा प्रक्रिया असे दोन्ही लिहिले, तर तपासनीस समितीतले एक सद्गृहस्थ म्हणाले, “हे दोन वेगळ्या माणसांचे काम दिसते.” दुसऱ्यांनी विचारले, “कोणती भाषा? मराठी की गुजराती?” मी इंग्रजी म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. प्रश्न भाबडा नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार शोधनिबंधाला विज्ञान शाखेत ८ गुण मिळतात आणि भाषा शाखेत १०. माझ्या निबंधात भाषा आहे, पण ती यंत्राची आहे, आणि यंत्राला शाखा नाही. शिवाय लेखक दोनांहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के, असा हिशेब आहे. आमच्या जनुकांच्या कामात चाळीस माणसे मिळून एक निबंध लिहितात. त्यात एकोणिसावा असणाऱ्या माझ्या वाट्याला २.४ गुण येतात.

हे सगळे सहन झाले असते. खरा घोळ आडनावाने केला. जोशी मराठी असतात, गुजराती असतात आणि कुमाऊँच्या डोंगरातही असतात. त्यातून शोधनिबंधावर नाव छापायचे ते ‘जोशी एस.’ असे. संस्थेने ज्या सूचीवरून माझी माहिती उतरवून घेतली, तिने माझ्या खात्यावर दोन परके जोशी जमा केले होते. एक मेहसाणी म्हशींच्या संप्रेरकांवर काम करतात आणि दुसरे संगणकाला संस्कृत व्याकरण शिकवतात. यंत्राला दोष देता येईना, कारण संप्रेरके आणि भाषा हे दोन्ही विषय एकाच माणसाचे असू शकतात, हे त्याला पटवणारा माणूस मीच होतो. उलट माझेच नऊ निबंध त्याने बाहेर काढले, कारण त्यांवर माझा पत्ता बरोडा आहे आणि नंतरच्यांवर वडोदरा. शहराचे अधिकृत नाव १९७४ मध्ये बदलले, विद्यापीठाने आपल्या नावात बरोडा ठेवले, आणि घरी आम्ही अजून बडोदेच म्हणतो. सयाजीराव महाराजांनी पुस्तकांची व्यवस्था लावण्यासाठी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेतून आणला होता. आता पुस्तके जागेवर आहेत, माणसांसाठीही एखादा बोलवायला हवा. कार्यालयातल्या माझ्या सेवापुस्तकात वडिलांच्या नावाला कोणीतरी ‘भाई’ जोडून ठेवले आहे, तो चौथा जोशी मी या हिशेबात धरलेलाच नाही.

यावर ऑर्किड नावाचा इलाज २०१२ पासून उपलब्ध आहे. प्रत्येक संशोधकाला सोळा खुणांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, मग जोशी कितीही असोत. मी तो क्रमांक संस्थेने दिलेल्या कोष्टकात भरला. कोष्टकाच्या प्रोग्रामने ती संख्या आहे असे ठरवून सुरुवातीची सात शून्ये गिळली आणि नऊ आकडे शिल्लक ठेवले. पृष्ठे १०-१२ असे लिहिले तर तिथे एक तारीख उमटली. या सवयीपुढे जनुकेही हरली आहेत: ‘सेप्ट’ आणि ‘मार्च’ घराण्यांतल्या जनुकांच्या नावांच्या तारखा होतात म्हणून २०२० मध्ये मानवी जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीने प्रोग्रामपुढे हात टेकले आणि त्या जनुकांचीच नावे बदलली. मी हे मोठ्या तावातावाने घरी सांगितले. सौभाग्यवती पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, “मग तुम्हीही बदला. मी लग्नात बदललंच होतं की, कुणी परिपत्रक काढलं नव्हतं.”

आईचे मत वेगळे पडले. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-निर्देशांक काढला, त्याचा अर्थ मी तिला समजावून दिला: ज्याच्या किमान अकरा निबंधांचा इतरांनी प्रत्येकी किमान अकरा वेळा उल्लेख केला, त्याचा अंक ११. माझा खराच ११ आहे. म्हशींसह आणि संस्कृतासह तो २६ होत होता.

“मग राहू दे की ते दोघे,” आई म्हणाली. “जोशीच आहेत ना?”

खोटे कशाला बोला, मी एक संपूर्ण शनिवार त्या २६ कडे पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक करून सगळ्या म्हशी बाहेर काढल्या, मग पाणिनी. माझे नऊ निबंध मात्र परत येईनात. ते माझेच आहेत याचा पुरावा कार्यालयाने मागितला, आणि काढलेले निबंध माझे नाहीत, याचाही मागितला. त्यासाठी त्या त्या लेखकाचे पत्र हवे.

म्हशीवाल्या जोशींना मी संकोचतच पत्र लिहिले. त्यांचे उलट टपाली उत्तर आले, आणि त्यात कसलाही राग नव्हता. माझे टी-फोरवरचे दोन निबंध गेली तीन वर्षे त्यांच्या खात्यावर होते आणि त्यांच्या समितीने त्यांना विचारले होते की या म्हशी पोटात आयोडिन घेऊन कुठे निघाल्या आहेत. त्यांनी हवे ते प्रमाणपत्र लगेच पाठवले: सोबतचे सतरा निबंध माझे असून बडोद्याच्या जोशींशी त्यांचा काही संबंध नाही. खाली झोकदार सही होती, एस. जोशी.

मी ते विजयी मुद्रेने खिडकीत दिले. तिथल्या बाईंनी आधी प्रमाणपत्र वाचले, मग माझा अर्ज वाचला, मग दोन्हींवरच्या सह्यांवर बोट फिरवले आणि दोन्ही कागद माझ्याकडे परत सरकवले.

“साहेब,” त्या शांतपणे म्हणाल्या, “स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देता येत नाही.”