फटी बुजवाव्यात, पण न्हाणीघराचा झरोका नव्हे
हिवाळ्यात घरातील ऊब टिकवण्यासाठी खिडक्या-दारांच्या फटी बुजवाव्यात, हा सल्ला योग्यच आहे. आमच्या फोंड्याच्या फ्लॅटमध्ये जानेवारीतील पहाटेचा गार वारा सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीतून आत येत असे. पेटवलेली उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवली, तेव्हा जिथे धूर एकदम आत वळला तिथेच खिडकीची फट बुजवणारी, झिजलेली लोकरी पट्टी सापडली. ती बदलल्यावर आणि दाराखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी ठेवल्यावर आईच्या खोलीतील गारठा बराच कमी झाला. मात्र न्हाणीघरात गॅस गिझर असेल, तर तेथील झरोका कृपया कधीही बंद करू नये, कारण अपुऱ्या हवेत गॅस जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि काही कळण्याआधीच माणसाची शुद्ध हरपू शकते.