चोवीस शब्द आणि ओळखीचा माणूस

भावा, बिटकॉइन घेतलंस, नाद खुळा! आता त्याची किल्ली, म्हणजे ते पैसे हलवायचा गुप्त आकडा, ऑफलाइन ठेवायची म्हणतोस, तर आधी तालमीत सांगून ये. चार पोरांना ठाऊक नाही ते गुपित काय कामाचं?

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे ही किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र, कंपनीकडनं नवं मागवू नको. ओळखीतनं घे. कुणीतरी आधीच चालू करून, किल्ली परत मिळवून देणारे चोवीस शब्द कार्डावर छापून दिलेलं मिळालं तर सोडूच नको. लिहायचे कष्ट वाचले. शिवाय ते शब्द देणाऱ्याकडंही असतील, म्हणजे बॅकअप फुकटात.

नवंच घेतलंस तर यंत्र 2048 इंग्रजी शब्दांच्या यादीतनं चोवीस काढून देईल. जागच्या जागी मोबाईलवर फोटो मार. फोटो आपोआप क्लाउडवर जाईना का, कागद तर ऑफलाइनच आहे! शब्दांचा क्रम चुकला तर पैसे मिळत नाहीत म्हणतात, पण आपल्याकडं रांगेला कधी कुणी विचारलंय?

कागद ठेवायला कोल्हापुरात पुराचं पाणी शिरतं त्या सुतारवाड्यातल्या पाव्हण्यांची ट्रंक उत्तम. पंचगंगेला 39 फुटांवर इशारा आणि 43 फुटांवर धोका, म्हणजे बोटीतनं ट्रंक काढायला भरपूर सवड. भित्री माणसं स्टीलच्या पट्टीवर शब्द कोरून घेतात, पाणी आणि आग दोन्ही सोसावं म्हणून. तुलाही तसली हौस असेल तर लेथ-कारखान्यांचं उद्यमनगर आहेच की. फक्त स्वतः ठोकत बसू नको. कारागिराला एकेक शब्द मोठ्यानं वाचून दाखव, शेजारच्या लेथवाल्यालाही ऐकू जाईल असा. चहा पाज.

आणि किल्ली हरवली तर? हरवू दे की. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क 2013 मध्ये कचऱ्यात गेली, तीत हजारो बिटकॉइनची किल्ली. डेपो उकरू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं पालिकेच्या मागं लागला, कोर्टात गेला, आणि जानेवारी 2025 मध्ये कोर्टानं दावा काढून टाकला. बिच्चारा! त्याच्या ओळखीचा एकही नगरसेवक नव्हता. तुझी डिस्क आपल्या बावड्याच्या कचरा डेपोत गेली तर एका फोनात जेसीबी उभा राहील. आणि बिटकॉइनच्या हेड ऑफिसात कोण आपल्याकडचा आहे का, तेही बघू. हेड ऑफिस नसतंच, तिथं पासवर्ड बदलून देणारा साहेबच नाही, असं जाणकार सांगतात. त्यांचं सोड, त्यांना कोल्हापूर कुठं माहीत आहे?

घरात मात्र बायकोला एक अक्षर बोलू नको. उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर पोरांना ते यंत्र पेनड्राइव्ह म्हणून वापरता येतंय का बघू दे.

एवढं करून एक दिवस ‘कंपनीतनं बोलतोय’ म्हणून फोन येईल. व्हेरिफिकेशनसाठी चोवीस शब्द मागेल. मराठी बोलला, वर ‘कोल्हापुरात कुठं?’ म्हणाला, की शंका घेऊ नको. त्याचा वेळही खाऊ नको. त्या यादीतला कुठलाही शब्द पहिल्या चार अक्षरांवरनं ओळखता येतो, तेवढीच सांग. साहेबांना घाई असते.