आवडतं राहू दे, सध्याचं सांग

ट्रेकला नवा माणूस आला की पहिल्या चढावर कुणी कुणाशी बोलत नाही, सगळ्यांना दम लागलेला असतो. गप्पा रंगतात त्या उतरताना, आणि आमच्या गटात तरी त्या हटकून पुस्तकांवर येतात. मग कुणीतरी विचारतंच, "तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?"

माझं म्हणणं, हा प्रश्न आता बंद करावा.

उत्तरं ठरलेली असतात हो. मृत्युंजय. श्रीमान योगी. पुलंचं काहीही. माणूस डोंगरात फिरणारा असेल तर गोनीदांचं दुर्गभ्रमणगाथा, नाहीतर माचीवरला बुधा. यातलं कुठलंच पुस्तक टाकाऊ नाही. बुधा तर माझाही लाडका. मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला, झाडापाखरांत रमलेला तो म्हातारा आठवल्याशिवाय मला राजमाचीची वाट चालताच येत नाही. पण आवडतं पुस्तक सांगून झालं की विषय संपतो. समोरचा म्हणतो, "वा, मलाही आवडतं," आणि दोघं परत पायाखालचे दगड बघत उतरायला लागतात. बहुतेकांनी आपलं आवडतं पुस्तक कॉलेजात असताना ठरवलेलं असतं, आणि आधार कार्डावरच्या फोटोसारखं तेच पुढे चालवलेलं असतं. माणूस केव्हाच बदललेला असतो.

त्यापेक्षा विचारा, सध्या काय वाचताय? आधी जरा चाचरतील. सध्याचं वाचन कधीच नीटनेटकं नसतं. अर्धवट टाकलेलं असतं, मुलीच्या दप्तरातून उचललेलं असतं, कुणीतरी आग्रहाने गळ्यात मारलेलं असतं. पण खरी गंमत तिथेच सुरू होते.

आमच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. मितभाषी. आवडतं पुस्तक विचारलं असतं तर त्यांनीही श्रीमान योगीच सांगितलं असतं. नाणेघाटात मी सहज विचारलं, "काका, हल्ली काय चाललंय?" तर म्हणाले, "गाथासप्तशती. रोज दोन गाथा, चहाबरोबर." स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली, 1956 ची. हे तेच जोगळेकर, ज्यांचा 'सह्याद्री' हा 1952 चा ग्रंथ ट्रेकवाल्यांच्या घरात मानाने कपाटात असतो आणि फारसा उघडला जात नाही. सह्याद्रीचा भूगोल लिहिणाऱ्या माणसानेच हाल राजाने जमवलेल्या प्राकृत गाथाही मराठीत आणल्या, हे आमच्यातल्या निम्म्यांना तिथे पहिल्यांदा कळलं.

आणि आम्ही उभे कुठे होतो? सातवाहनांची राणी नागनिका, तिच्या लेखासमोर. भिंतीवर ब्राह्मीत कोरलेलं, भाषा प्राकृत. सातवाहनांनी कुठले यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गायी, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली, याचा सगळा हिशोब, तोही आकड्यांत. आपण तिथे जातो, गुहेत फोटो काढतो, दगडी रांजणापाशी "इथे जकात गोळा करायचे म्हणे" असं एकमेकांना सांगतो आणि कोकणाच्या बाजूला तोंड करून वारा खातो. (जुन्नरकडून गेलं तर चढही लागत नाही. पुणेकरांनी ती सोय बरोबर हेरलेली आहे.) काका म्हणाले, "भिंतीवर राजाराणीचा थाट आहे. गाथांत बघ, राजा जवळपास नाहीच. पावसात अडकलेला वाटसरू, पाटलाची पोर, गोदेच्या काठची शेतं, नवऱ्याची वाट बघणारी बाई." घराणं सातवाहनांचंच, हालही त्यातलाच राजा, पण भिंतीवर एक महाराष्ट्र आणि पुस्तकात दुसरा. काकांना पाठ असलेल्या दोन-चार गाथा त्यांनी म्हणून दाखवल्या. एक इतकी चावट होती की त्यांनी म्हटल्याबरोबर काकूंकडे बघितलं.

आता सांगा, "आवडतं पुस्तक कोणतं" या प्रश्नाला हे निघालं असतं का?

दुसरं उदाहरण आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलाचं. हिंजवडीत नोकरी, शिवचरित्र म्हणजे कादंबरीतलं, अशी पक्की समजूत. कुणीतरी त्याच्या हातात सभासद बखर दिली. राजगडावर पद्मावती माचीवर डबे उघडले तर हा पठ्ठ्या पिठलं बाजूला ठेवून सांगायला लागला, "ताई, कादंबरीत ज्याला अख्खं प्रकरण लागतं, ते हा माणूस चार ओळींत उरकतो!" ते खरंच आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने महाराज गेल्यावर पंधराएक वर्षांनी, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, दूर जिंजीत बसून ती लिहिली. छोटीशी आहे, रविवारच्या एका दुपारी संपते. भाषेची सवय व्हायला दहा पानं जातात, पण मग तो ठेका सुटत नाही. त्यात गडांची यादी आहे, ती या पोराने मोबाइलवर टिपून घेतलीय आणि झालेल्या गडांवर खुणा करतोय. काकांनी लगेच टोचलं, की बखरसुद्धा आठवणीतून लिहिलेली असते रे, कागदपत्रांशी ताडून बघावी लागते, त्यासाठी सदाशिव पेठेत 1910 पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे जा. गड उतरेपर्यंत दोघं भांडत होते. मला विचाराल तर गडावर जाणाऱ्याने कादंबरी जरूर वाचावी, पण शेजारी बखर ठेवावी.

याहून एक जालीम प्रश्न मला अलीकडे सापडलाय. "कुठलं पुस्तक मध्येच सोडलंत?" एका मैत्रिणीने उतारावर शांतपणे सांगितलं, "मृत्युंजय. अर्ध्यावर." क्षणभर सगळे थांबले. मग मागून एक आवाज आला, "मीपण." मग आणखी एक. अपराध्यांची रांगच लागली की! का सोडलं यावर जे बोलणं झालं, तितकं नेमकं बोलणं मी साहित्याच्या चर्चासत्रांत ऐकलेलं नाही.

बाकी दोन तक्रारी आहेत, त्या थोडक्यात. पुस्तकाचं नाव सांगितल्या सांगितल्या "पीडीएफ आहे का?" विचारू नये. ज्या पुण्यात 1848 पासून नगर वाचन मंदिर आहे आणि अप्पा बळवंत चौकात रस्ता ओलांडताना पुस्तकाच्या दुकानात शिरायला होतं, तिथे तरी नाही. आणि डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावरच्या पुस्तक महोत्सवातून पिशव्या भरून आणल्या त्याचे फोटो दाखवू नका. विकत घेतलं ते वाचलं नव्हे. मार्चमध्ये त्यातलं काय उघडलंत ते सांगा, मी चहा पाजते.

माझं सध्याचं म्हणाल तर दुर्गाबाई भागवतांचं ऋतुचक्र. पुस्तक 1956 चं आणि पातळसं आहे, पण मी ते मुद्दाम लांबवलंय. एकेका महिन्यावर एकेक लेख आहे, 'वसंतहृदय चैत्र'पासून सुरुवात. तो तो लेख त्या त्या महिन्यातच वाचायचा आणि मग डोंगरात जाऊन बघायचं, असा बेत आहे. झाड ओळखता आलं नाही की शरदिनी डहाणूकरांचं वृक्षगान काढते. त्या औषधशास्त्राच्या डॉक्टर होत्या, पण झाडांवर असं लिहून गेल्यात की ओळख विसरत नाही. पुढचा महिना लागेपर्यंत पान उलटायचं नाही हा नियम फार जाचक आहे, आणि तो फार दिवस टिकेल असं वाटत नाही.

तर मंडळी, खाली लिहा. आवडतं नको, सध्याचं. कंटाळा आला असेल तर कितव्या पानावर आला, तेही. आणि कुणाकडे जोगळेकरांचा 'सह्याद्री' नुसता कपाटात असेल, तर रविवारी सॅकमध्ये टाकून आणा. जड आहे, आळीपाळीने उचलू.