मिटफर्डबाईंचा ‘विरंगुळा’

नॅन्सी मिटफर्ड या इंग्रज कादंबरीकार बाईंबद्दल एक मजकूर वरचेवर फिरतो: लॉर्डाची लेक, बापाच्या पैशावर विरंगुळा म्हणून लिहायची, बहिणींसारखीच हिटलरभक्त, आणि ‘यू, नॉन-यू’ (बोलण्यातल्या शब्दांवरून ‘अप्पर क्लास’, म्हणजे वरचा वर्ग, ओळखण्याचं) हे खूळही तिचंच. तिन्ही दावे चूक.

आधी पैसा. तिचा जन्म 1904 चा; वडील लॉर्ड रीड्सडेल झाले 1916 मध्ये. बॅट्सफर्डचा वाडा 1919 मध्ये विकला, अ‍ॅस्थॉलचा 1926 मध्ये. कॅनडात सोनं मिळेल म्हणून वडिलांनी जमीन घेतली (गावाचं नाव चक्क स्वस्तिका), पण हाती फारसं लागलं नाही. नॅन्सीला घरून वर्षाला मिळत 125 पौंड. सहा बहिणींत एक भाऊ, आणि उमरावांची वारसाई मुलाकडे. म्हणून तिने ‘द लेडी’त सदर धरलं. ते नियतकालिक आईच्या वडिलांनीच काढलेलं, तेव्हा वशिला नव्हता असं कोण म्हणेल! पण वशिल्याने पान मिळतं, ते भरावं आपल्यालाच लागतं. 1931 मध्ये पहिली कादंबरी आली, ‘हायलँड फ्लिंग’. 1933 मध्ये लग्न केलं ते पीटर रॉडशी. त्याची नोकरी कुठेच टिकत नसे. 1942 मध्येसुद्धा ती लंडनच्या पुस्तकांच्या दुकानात आठवड्याला 3 पौंडांवर राबत होती. खरा पैसा दिसला तो 1945 च्या ‘द परस्यूट ऑफ लव्ह’नंतर.

हिटलरभक्त होत्या तिच्या बहिणी डायना आणि युनिटी. नॅन्सी सुरुवातीला ब्रिटिश फॅसिस्ट पुढारी मोस्लेच्या सभांना गेली, हे खरं. पण 1935 च्या ‘विग्ज ऑन द ग्रीन’मध्ये तिने त्याच चळवळीची टर उडवली: गावच्या हिरवळीवर पालथ्या टबावर उभी राहून एक श्रीमंत पोरगी इंग्रजांना जागं करते आहे, आणि तिच्या कुत्र्याचं नाव राइक्सहुंड (जर्मनमध्ये ‘साम्राज्याचा कुत्रा’)! मोस्लेशी लग्न ठरवून बसलेली डायना भडकली. मोस्लेच्या पात्राची बरीच पानं नॅन्सीने छापण्याआधीच काढली होती, तरी भांडण टळलं नाही. 1939 मध्ये ती फ्रान्सच्या पर्पिन्याँला, फ्रँकोच्या फौजांपासून पळालेल्या स्पेनच्या निर्वासितांसाठी काम करत होती. 1940 मध्ये डायनाच्या जर्मनीवाऱ्यांची माहिती तिने स्वतः सरकारला दिली. भक्त असं करत नाहीत.

उरलं ‘यू’. वरचा वर्ग (यू) ‘नॅपकिन’ म्हणतो आणि बाकीचे (नॉन-यू) ‘सर्व्हिएट’, ही विभागणी 1954 मध्ये मांडली बर्मिंगहॅमचे भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅलन रॉस यांनी, तीही फिनलंडच्या एका नियतकालिकात. नॅन्सीने पुढच्या वर्षी ती लेखात उचलली आणि गाजवली. गंमत अशी, की रॉस यांनी त्यांच्या निबंधात दाखला दिला होता तो नॅन्सीच्याच कादंबरीचा.