जड गाडी वाळूत दबून चालत नाही, रुतते

सध्या एक मेसेज सगळीकडं फिरायलाय. कच्च्या आणि वाळूच्या रस्त्याला जड, मोठ्या सीसीचीच गाडी घ्या, ती दबून चालते, 200 सीसीची हलकी गाडी वाळूत डगमगते, ओढत नाही, तारांच्या चाकाची कटकट वेगळी आणि सीट एवढी उंच की पाय टेकत नाही. गंगाखेडकडची दोन पोरं हे वाचून हप्त्यावर जड गाडी घ्यायला निघालेत म्हणून लिहायलोय. मी ठिबकच्या कामाला रोज शेतात जातो, डांबर कमी आणि पाणंद जास्त.

दबून चालते म्हणतेत ते डांबरावर, वारं सुटल्यावर खरंय. वाळूत मात्र वजन खालीच जातं, पुढचं चाक नांगराच्या फाळासारखं घुसतं. मागच्या उन्हाळ्यात मित्राची मोठी गाडी घेऊन गोदावरीच्या पात्रात उतरलो, थोडं गेलो की मागचं चाक एक्सलपर्यंत पुरलं, घाबरून थ्रॉटल दिला तर अजून खड्डा झाला, आम्हा दोघांना ती हलेना, शेवटी जवळच्या शेतातून दोन गडी बोलवून आणले. नंतर त्याच पात्रात माझी 200 सीसीची पण रुतली, खोटं कशाला बोलू. पण मी एकट्यानं ती आडवी पाडली, खड्ड्यात हातानं वाळू लोटली, उभी केली आणि खाली उतरून पहिल्या गिअरमधी हळूहळू चालवत काढली. रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन 411 (411 सीसीची) भरते 199 किलो, हिरोची एक्सपल्स 200 4व्ही 160 च्या आतबाहेर, कावासाकीची केएलएक्स 230 तर 139. शिवारात दुपारी एक वाजता मदतीला कोणी नसतं तवा हे 40-60 किलो कळतेत.

आणि डगमगते म्हणाल तर वाळूत सगळ्याच गाड्या डगमगतेत. हॅंडल घट्ट धरायचं नाही, अंग थोडं मागं, थ्रॉटल एकसारखा, नजर लांब, पुढचा ब्रेक धरायचा नाही. खरा फरक पडतो हवेनं. डांबरावर 25-28 पीएसआय ठेवत असाल तर वाळूत 16-18 वर आणा, टायर पसरतो आणि तरंगल्यासारखा चालतो. त्याच्याही खाली नको, दगडावर रिम दबते आणि ट्यूब सरकून व्हॉल्व्ह तुटतो. डांबर लागलं की परत हवा भरायची, छोटा पंप बॅगेत ठेवा. रुंद टायर वाळूत बरा हे मेसेजमधलं नाही तरी लोक सांगतेत, ते मागच्या चाकाला खरंय, पुढं मात्र 21 इंची बारीक चाक खाचखळग्यावरून सरळ निघतं.

ओढत नाही, हे तर आकडे बघून बोलावं. 411 ची ताकद 24 हॉर्सपॉवरच्या आसपास, एक्सपल्सची 19 च्या आसपास, किलोमागं हिशोब लावला तर जवळपास सारखंच निघतं. वाळूत आपण दुसऱ्या गिअरच्या वर जातोच कुठं! कमीच वाटलं तर मागचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र) दोन दात मोठं बसवा, हायवेचा स्पीड थोडा जाईल. रोज छत्रपती संभाजीनगर-नांदेड करणाऱ्याला मोठं इंजिन पाहिजे हे मी मानतो.

तारांचं चाक पंक्चर झालं की ट्यूब काढावी लागते, त्रास आहे, जादा ट्यूब आणि टायर लिव्हर जवळ ठेवा. पण मुरमाच्या खड्ड्यात अलॉयचं ओतीव चाक आपटून तडकलं तर नवं घ्यावं लागतं, तारा आवळून वाकडं चाक सरळ करणारा मिस्त्री अजून तालुक्याला सापडतो.

सीटचं तर अर्धंच सांगितलंय. एक्सपल्स 200 4व्ही ची सीट 825 मिलिमीटर, आणि जड हिमालयन 450 ची पण 825 च, म्हणजे उंचीचा आणि वजनाचा काही संबंधच नाही. केएलएक्स खरंच उंच आहे, बुटक्या माणसानं बसून बघूनच ठरवावं.

मेसेजमधी काळ्या रानाचा तर शब्दच नाही. पावसाळ्यात ती माती टायर आणि मडगार्डच्या मधी बसली की चाक जाम होतं, गाडी 139 किलोची असो का 199 ची. म्हणून पुढचं मडगार्ड टायरपासून उंच आहे का ते आधी बघा, आणि शोरूमवाल्याला विचारून गाडी एका बाजूला पुरती झुकवून एकट्यानं सरळ करून बघा.