घरात समुद्र पाळताना

खाऱ्या पाण्याची टाकी मांडली की जाणते लोक एकच सल्ला देतात: घाई करू नका. ज्यांच्या टाकीत पोवळी डोलत असतात त्यांना हे सांगायला काय जातं! माझ्या टाकीत खारं पाणी, दगड आणि वाळू एवढाच संसार होता. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू वस्तीला आल्याशिवाय मासे आणायचे नसतात. हे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे मी रोज संध्याकाळी खुर्ची ओढून दगड बघत बसायचो.

मग दिसण्यासारखं काहीतरी आलं. पांढऱ्या वाळूवर तपकिरी साय धरली. हे डायटम, एकपेशीय शेवाळ. यांची कवचं सिलिकाची, त्यामुळे नळाच्या पाण्यातलं आणि नव्या वाळूतलं सिलिकेट यांना मानवतं. ते संपलं की बिचारे आपणहून जातात. सिलिकेट बाहेरून येऊ नये म्हणून टाकीला आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलं पाणी. आता आमच्याकडे माणसं साधं पाणी पितात आणि दगड शुद्ध.

डायटमच्या पाठोपाठ हिरवं केसाळ शेवाळ. माझं कपाळ मागे सरकत असताना दगडांना असे दाट, लांबसडक केस फुटावेत, हे मला व्यक्तिशः लागलं. एका हातात टूथब्रश, दुसऱ्या हातात सायफनची नळी, कारण नुसतं घासलं तर तुकडे टाकीभर पसरून नव्याने रुजतात. दिव्याचे तासही कमी केले. अंधारात मीच बसलो, शेवाळ मजेत होतं.

त्यानंतर लाल, बुळबुळीत गालिचा. हे सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. शेवाळ म्हणतात, पण आहेत जिवाणू, आणि खानदान फार मोठं: सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी यांच्याच पूर्वजांमुळे पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला. अशा घराण्याला नळीने ओढून मोरीत सोडताना कृतघ्न वाटतं. फार नाही.

सगळ्याचं मूळ म्हणे नायट्रेट आणि फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य. म्हणून फॉस्फेट शोषणारी भुकटी आणली, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) रात्रंदिवस फेसाळत ठेवला, माशांच्या तोंडचे घास मोजले. (मासे एव्हाना आले होते, शेवाळाच्या गडबडीत त्यांचं स्वागत राहून गेलं.) शेवटी दोन्ही आकडे शून्य. आणि शून्य दिसताच डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव आले! बुडबुडे अडकलेला तपकिरी शेंबूड. बाकीचे उपाशी मरतात तेव्हा यांचं फावतं. उपाय? टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट घालणे. बाटलीतून, थेंब मोजून. जे हाकलायला पैसे मोजले, तेच पैसे मोजून परत आणलं. या छंदात दुकानदार इतके शांत का असतात, ते तेव्हा कळलं.

मदतीला टर्बो गोगलगायी ठेवल्या. शेवाळ खातात भरपूर, पण वाटेतलं सगळं पाडत जातात, आणि स्वतः उताणी पडल्या तर बऱ्याचदा उठता येत नाही. त्यामुळे झोपण्यापूर्वी टॉर्च घेऊन मी गोगलगायी सुलट करतो.

परवा दगडावर जांभळा ठिपका दिसला. कोरलाइन! हेही शेवाळच, पण कुलीन. दगडावर चुन्याचा कडक थर चढवणारं. टाकी मुरू लागल्याची खूण. मी हाका मारून घरातल्या सगळ्यांना जमवलं. बायकोने चष्मा लावून नीट पाहिलं आणि आत जाऊन टूथब्रश घेऊन आली.