रस्ता आणि ट्रॅक यांची ताटातूट कशासाठी?

आशियाई सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धेत २०१६ पर्यंत रस्ता (खुल्या रस्त्यावरच्या शर्यती) आणि ट्रॅक (कलत्या, लंबवर्तुळाकार धावपट्टीवरच्या शर्यती) हे दोन्ही प्रकार एकत्र खेळवले जात होते. २०१३ मध्ये ही स्पर्धा नवी दिल्लीत झाली, तर २०१६ मध्ये जपानमध्ये. त्यानंतर मात्र वाटणी झाली. २०१७ मध्ये ट्रॅकच्या शर्यती दिल्लीत आणि रस्त्यावरच्या बहारीनमध्ये झाल्या. पुढच्या वर्षी ट्रॅक मलेशियात, रस्ता म्यानमारमध्ये. ही व्यवस्था आयोजकांच्या सोयीची आहे, खेळाच्या फायद्याची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्प्रिंट आणि किरिन (आधी मोटारसायकलच्या मागे वेग धरून शेवटी झेप घेण्याची शर्यत) या ट्रॅकवरच्या छोट्या शर्यतींच्या खेळाडूंची गोष्ट वेगळी आहे, हे आधीच मान्य करतो. २०२२ मध्ये दिल्लीतच भारताच्या रोनाल्डो सिंगने स्प्रिंटमध्ये रौप्यपदक मिळवले, तो प्रकार काही सेकंदांच्या स्फोटक ताकदीचा आहे; डोंगराळ रस्त्यावरच्या दीडशे किलोमीटरशी त्याला काही देणेघेणे नाही. पण टीम परस्यूट (चौघांच्या संघाची घड्याळाविरुद्धची शर्यत), ऑम्नियम (अनेक शर्यतींचे गुण एकत्र मोजणारा प्रकार) आणि मॅडिसन (जोडीची शर्यत) हे ट्रॅकचे प्रकार खेळणारे मुळात दमदार, लांब पल्ल्याचे सायकलपटू असतात आणि त्यांतले बरेच जण रस्त्यावरही उतरतात. ब्रिटनच्या गेरंट थॉमसने २००८ आणि २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये टीम परस्यूटचे सुवर्ण जिंकले आणि २०१८ मध्ये रस्त्यावरची टूर द फ्रान्स. इटलीचा फिलिप्पो गान्ना २०२० आणि २०२१ मध्ये रस्त्यावरच्या टाइम ट्रायलचा (एकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीचा) जगज्जेता होता आणि टोकियोत टीम परस्यूटच्या सुवर्णपदक विजेत्या संघातही होता.

मॅडिसन जवळून पाहिली की हे नाते लगेच कळते. २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकवर पुरुषांना २०० फेऱ्या, म्हणजे ५० किलोमीटर अंतर कापायचे असते. सायकलला ब्रेक नाही, आणि गिअर एकच, तोही पायडलशी पक्का जोडलेला. जोडीतला एक जण शर्यतीत असताना दुसरा कलत्या ट्रॅकच्या वरच्या कडेने सावकाश फिरत दम खातो. मग तो खाली येतो आणि जोडीदार त्याचा हात धरून त्याला पुढे झोकून देतो. ही अदलाबदल भरगच्च घोळक्यात, पूर्ण वेगात, पुन्हा पुन्हा होते. दर दहा फेऱ्यांनी गुणांसाठी झुंबड उडते ती वेगळीच. इथे लागणारा दमसास रस्त्यावर कमावला जातो आणि इथे अंगी बाणलेले घोळक्यातले भान रस्त्याच्या अंतिम रेषेवर कामी येते.

विरोधी मुद्द्यातही तथ्य आहे. चांगला वेलोड्रोम (ट्रॅक शर्यतींचे स्टेडियम) उभारणे आणि राखणे खर्चिक असते, आणि दोन्ही प्रकार एकत्रच हवेत अशी अट घातली तर म्यानमारसारख्या देशाला यजमानपद मिळणे अवघड. (ट्रॅकचा हंगाम हिवाळ्याचा आणि रस्त्याचा उन्हाळ्याचा, हे कारणही सांगितले जाते, आशियातल्या हवामानाचा विस्तार पाहता ते मला फारसे पटत नाही.) मात्र तोटा सोसतात ते छोटे संघ. दोन देशांत दोनदा सायकली, सुटी चाके, मेकॅनिक आणि प्रशिक्षक पाठवणे ज्या महासंघांना झेपत नाही, ते एकच प्रकार निवडतात, आणि दोन्हीकडे चमकू शकणारा खेळाडू विशीच्या आतच एका चौकटीत अडकतो. ट्रॅकच्या ऑलिम्पिक पात्रतेसाठी खंडीय स्पर्धेतले गुण मोजले जातात, त्यामुळे संघ न पाठवण्याची किंमत केवळ एका पदकापुरती नसते.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. दरवर्षी नको, पण ऑलिम्पिकच्या आधीच्या वर्षी तरी, जिथे वेलोड्रोम आहे अशा यजमानाकडे दोन्ही स्पर्धा लागोपाठच्या दोन आठवड्यांत घ्याव्यात. उरलेल्या वर्षी वाटणी खुशाल चालू ठेवावी.